चांद्याचा ससा आणि लू राज्याची राणी

चंद्रपूरचा, म्हणजे जुन्या चांद्याचा, परकोट सरळ चालत नाही. जटपुरा दरवाज्यापासून तटाच्या कडेने निघालं, की थोड्या वेळाने भिंत वळते, पुन्हा सरळ होते, मध्येच बाहेर फुगते, मग आत येते. नदीचा काठ, उंचवटा, जुनी वस्ती अशी कारणं प्रत्येक वळणाला शोधता येतात आणि ती सापडतातही. गावातल्या जुन्या माणसाला विचारलं तर मात्र तो एका वाक्यात सांगून मोकळा होतो: ससा जसा पळाला, तसा तट.

ही गोष्ट विदर्भात लहानपणीच कानावर पडते. मोठेपणी आपण ती हसून बाजूला ठेवतो. तिच्यात शकुन वाचण्याची एक फार जुनी रीत दडलेली आहे आणि ती रीत थेट चीनमधल्या एका प्राचीन ग्रंथाशी जुळते, असं मला वाटतं. म्हणून ती नीट सांगायला हवी.

पंधराव्या शतकातली गोष्ट. गोंडांचं राज्य तेव्हा वर्धा आणि वैनगंगेच्या खोऱ्यांत पसरत होतं. आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे त्यात येत होते. राजधानी आधी वर्धेपलीकडच्या सिरपूरला होती. राजा खांडक्या बल्लाळशहा याच्या अंगावर गाठी आल्या होत्या, काही केल्या बऱ्या होत नव्हत्या. राणी शहाणी होती. तिने जागा बदलायला सांगितलं. राजाने नदी ओलांडून उत्तर तीरावर किल्ला बांधला, तोच बल्लारपूर.

एके दिवशी राजा शिकारीला निघाला आणि वायव्येकडे दूर गेला. तहान लागली. झरपट नदीचं पात्र कोरडं होतं. पात्रातून घोडा हाकत जाताना एका खळग्यात पाणी झिरपताना दिसलं. राजा प्याला, हातपाय-तोंड धुतलं आणि परतला. त्या रात्री त्याला कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली. सकाळी राणीने पाहिलं तर गाठी ओसरलेल्या. दुसरी एखादी बाई देवाला नवस फेडून मोकळी झाली असती. हिने आधी विचारलं, कुठे धुतलंत? मग ती स्वतः तिथे गेली. गवत आणि वाळू बाजूला करवली. खाली खडकात गाईच्या खुरांच्या पाच खुणा निघाल्या, पाचही पाण्याने भरलेल्या. उपसलं तरी पाणी हटेना. राजाने तिथे अंघोळ केली आणि तो बरा झाला. रात्री अचलेश्वराने स्वप्नात दर्शन दिलं आणि राजाने तिथे देऊळ बांधायला घेतलं. अचलेश्वराचं देऊळ आजही झरपटच्या काठाला आहे, जवळच्या दरवाज्यालाही त्याचंच नाव, बोलण्यात मात्र अंचलेश्वर.

देवळाचं काम पाहायला राजा येत-जात असे. अशाच एका खेपेला वाटेवरच्या झुडपातून कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा उठला. राजाचा कुत्रा त्याच्यावर धावून जायचा, तर झालं उलटंच. ससाच कुत्र्याच्या मागे लागला. राजा थक्क होऊन घोड्यावरून पाठोपाठ गेला. ससा कधी वर्तुळात धावला, कधी वेडावाकडा. शेवटी कुत्रा उलटला, सशाच्या अंगाशी आला आणि झटापटीत त्याने सशाला मारलं.

राजाने घरी येऊन हे राणीला सांगितलं. तिने दिलेला अर्थ असा. शकुन चांगला आहे. ससा धावला त्या वाटेने तट घालून इथे शहर वसवा. मात्र कुत्र्याने सशाला गाठलं तिथे एक आणि ससा मेला तिथे एक, असे दोन भक्कम बुरूज बांधा. दुसऱ्या जागेपासून या शहराला कायम धोका राहील.

राजाने हुकूम सोडला. सशाच्या मागावर आखणी झाली आणि बांधकाम तेल ठाकूर नावाच्या कारभाऱ्यांकडे सोपवलं गेलं, असं सांगतात. पाया राजाने घातला, तट मात्र पुढच्या पिढ्यांनी पुरा केला.

आता इतिहासाचा अभ्यासक इथे हात वर करील आणि त्याचं बरोबर आहे. ससा कुत्र्यावर उलटल्याची गोष्ट एकट्या चांद्याची नाही. विजयनगरच्या स्थापनेची हीच कथा फर्नांव नुनिश या पोर्तुगीज घोड्यांच्या व्यापाऱ्याने सोळाव्या शतकात लिहून ठेवली आहे. तिथे अर्थ सांगतो तो एक तपस्वी. अहमदाबादला 1411 साली सुलतान अहमदशहाने शहर वसवलं, त्याच्याही नावावर हाच ससा आहे. बहमनींच्या बीदरला सशाऐवजी कोल्हा. म्हणजे मध्ययुगात नवी राजधानी काढायची तर एखादा शूर ससा लागतच असावा. ही फिरती कथा आहे, घडलेली हकिकत नव्हे, हे मान्य करून टाकू.

मान्य केल्यावरही चांद्याची कथा वेगळीच राहते. विजयनगर आणि अहमदाबादच्या कथांत ससा उलटतो, तपस्वी किंवा राजा म्हणतो ही भूमी शूर आहे, आणि कथा संपते. चांद्याचा ससा मरतो. शिवाय अर्थ सांगणारी राणी त्या मरणाकडे डोळेझाक करत नाही. शुभ आणि अशुभ ती एकाच दमात सांगते आणि दोन्हींची जागा जमिनीवर दाखवून देते.

आपल्याकडचे रोजचे शकुन असे नसतात. मांजर आडवं गेलं, वाईट. मुंगूस दिसलं, चांगलं. भरलेली घागर समोर आली, काम होणार. चिन्ह एक, अर्थ एक. चांद्याच्या राणीसमोर आलेलं चिन्ह बदलत गेलेलं होतं. आधी ससा वरचढ, मग कुत्रा. तिने पहिली अवस्था वाचली, शेवटची वाचली आणि एकीची दुसरी झाली त्या नेमक्या ठिकाणी बुरूज बांधायला सांगितला. बदलत्या चिन्हाचा अर्थ लावायची ही रीत जगात सर्वांत पद्धतशीरपणे कुणी बसवली असेल, तर ती प्राचीन चीनने.

‘झोऊ यी’ किंवा ‘ई-चिंग’ हा चिनी ग्रंथ सुमारे तीन हजार वर्षं जुन्या परंपरेतला. त्यात चौसष्ट आकृत्या आहेत, प्रत्येकीत सहा आडव्या रेषा. रेषा अखंड तरी असते किंवा मधोमध तुटलेली. प्रश्न विचारणारा यारो नावाच्या रानवनस्पतीच्या पन्नास काड्या घेतो. एक बाजूला ठेवतो, उरलेल्या एकोणपन्नासांचे दोन ढीग करतो, चार-चारांनी मोजून बाकी काढतो. असं तीनदा केलं की सहा, सात, आठ किंवा नऊ यांतला एक आकडा येतो. तो आकडा म्हणजे एक रेषा. खालून वर चढत सहा वेळा केलं की आकृती पुरी.

यातली मेख आकड्यांत आहे. सात म्हणजे अखंड रेषा, आठ म्हणजे तुटकी, आणि या दोन्ही स्थिर. नऊ म्हणजे अखंडच, पण पिकलेली, आता तुटणार. सहा म्हणजे तुटकी, पण आता सांधणार. या दोन रेषा आपापल्या उलट होतात आणि पहिल्या आकृतीतून दुसरी उभी राहते. पहिली आज आहे ती स्थिती, दुसरी जिकडे कल आहे ती, आणि बदलणारी रेषा हा दोन्हींमधला सांधा. काड्यांच्या गणितात नऊ येण्याची शक्यता सोळांत तीन, सहा येण्याची सोळांत फक्त एक. म्हणजे अखंड रेषा तुटणं तुटकी सांधण्यापेक्षा तिपटीने सोपं. ज्याने हे गणित बसवलं त्याला माणसांचा अनुभव दांडगा असणार.

एकच रेषा बदलली तर वाचन सोपं असतं, त्या रेषेचं वचन पाहायचं. चार-पाच रेषा एकदम बदलल्या की पंडितांची पंचाईत होते. जुन्या रीतीचे नेमके नियम कुठेच लिहून ठेवलेले नव्हते. बाराव्या शतकात झू शी या तत्त्वज्ञाने ते बसवले. एक बदलली तर तीच रेषा, दोन बदलल्या तर दोन्ही पण वरचीला मान, तीन बदलल्या तर दोन्ही आकृत्यांची मूळ वचनं, पाच बदलल्या तर नव्या आकृतीतली जी एकटी स्थिर राहिली ती. तोवर दीड हजार वर्षांहून अधिक काळ ज्याच्या हाती काड्या, त्याच्या हाती अर्थ, असाच कारभार होता. हा कारभार उघडा पाडणारा प्रसंग ‘त्सो च्वान’ या इतिहासग्रंथात आहे, आणि तिथेही मध्यभागी एक राणीच आहे.

लू हे आजच्या शानतुंग प्रांतातलं छोटं राज्य. कन्फ्यूशियस पुढे इथलाच. तिथल्या राजाची विधवा आई मू च्यांग. तिचं शूसून च्याओरू या सरदाराशी सूत जुळलं होतं आणि त्याला दरबारातली दोन बलाढ्य घराणी, ची आणि मंग, संपवून त्यांची मालमत्ता गिळायची होती. इ.स.पू. 575 मध्ये राजा लढाईवर निघाला असताना आई त्याला गाठून म्हणाली, या दोघांना हाकलून दे. राजाने वेळ मारून नेली, परत आल्यावर पाहू म्हणाला. तेवढ्यात समोरून राजाचे दोन सावत्र भाऊ घाईने चालले होते. तिने त्यांच्याकडे बोट दाखवलं आणि सुनावलं की तू नाही म्हणालास, तर यांतला कुणीही राजा होऊ शकतो. सख्ख्या आईने बोट दाखवून केलेली ही धमकी राजाने लक्षात ठेवली. वाड्याचा बंदोबस्त करून, पहारे बसवूनच तो निघाला. कट फसला. च्याओरू परागंदा झाला आणि राणीला पूर्वेच्या वाड्यात नेऊन ठेवण्यात आलं.

त्या वाड्यात जाताना तिने काड्या मांडवल्या. पहिली आकृती आली ‘कन’, पर्वतावर पर्वत, म्हणजे थांबणं, अडकणं. सहापैकी पाच रेषा बदलत्या निघाल्या, खालून दुसरी तेवढी स्थिर. बदलून आकृती झाली ‘स्वेइ’, म्हणजे मागोमाग जाणं. दरबारी पंडिताने लगेच तोंड गोड केलं. अडकण्यातून जाण्याकडे कल आहे, बाईसाहेब लवकरच इथून बाहेर पडणार.

राणी म्हणाली, नाही. स्वेइचं मूळ वचन तिला तोंडपाठ होतं. त्यात चार शुभ शब्द येतात आणि शेवटी दोष लागणार नाही असं आश्वासन. त्या चार शब्दांना तिने चार गुण मानलं आणि एकेक आपल्याला लावून पाहिला. राज्याच्या बंडाळीत मी सामील झाले, त्यामुळे पहिला गुण माझ्यात नाही. राज्याची घडी मोडली, दुसरा नाही. स्वतःचाच घात केला, तिसरा गेला. पद सोडून भलत्या नादी लागले, चौथाही गेला. आश्वासन हे चार गुण असणाऱ्याला आहे, मला ते लागू कसं पडेल? मी इथेच मरणार, बाहेर पडणार नाही.

इ.स.पू. 564 मध्ये ती त्याच वाड्यात मेली.

या प्रसंगावर चिनी विद्वानांनी पिढ्यानपिढ्या वाद घातला. झू शीने आपले नियम लिहिताना याच आकृतीचा दाखला घेऊन पंडिताला झापलं आहे. पाच रेषा बदलल्या होत्या, तर त्याने नव्या आकृतीतल्या स्थिर राहिलेल्या दुसऱ्या रेषेचं वचन सांगायला हवं होतं, मूळ वचन उचलायला नको होतं. त्या रेषेचा आशय असा की धाकट्याला धरून बसलं तर थोरला हातचा जातो. प्रियकरापायी मुलाशी वैर घेणाऱ्या आईला याहून नेमकं काय सांगणार? झू शीचं शास्त्र बरोबर असेल. तरी माझं मत राणीच्या बाजूचं आहे. पंडिताने आकृती पाहिली. राणीने आकृती पाहिली आणि आकृतीसमोर कोण बसलं आहे तेही पाहिलं. नियम न वापरता ती नेमक्या उत्तराला पोचली.

त्सो च्वानमध्ये याच वळणाची आणखी एक हकिकत आहे, इ.स.पू. 530 ची. नान ख्वाइ नावाच्या कारभाऱ्याला धन्याविरुद्ध उठायचं होतं. कौल आला उत्तम, एकच रेषा बदलती आणि तिचं वचन परम शुभ. त्याने तो हर्षाने एका जाणत्याला दाखवला, कशासाठी मांडला हे न सांगता. जाणत्याने तोंडावर सांगितलं की काम इमानाचं असेल तर फळेल, नसेल तर हेच वचन बुडवील. नान ख्वाइने बंड केलं आणि ते फसलं.

आपल्या कोकणात देवाला फुलांच्या कळ्या लावून कौल घेतात. उजवी पडली की होय, डावी पडली की नाही. तिथेही मुरलेला गुरव प्रश्न नीट विचारून घेतो, कारण वेडावाकडा प्रश्न केला तर देवाचं उत्तरही वेडंवाकडं लागतं. गोंडी मुलखातल्या गावांतही पुजारी आणि जाणता चिन्ह एकट्याने वाचत नाही. घरात काय झालं, कोण रागावलं, कुणाचं देणं राहिलं, हे आधी विचारलं जातं. ग्रंथ असो वा नसो, वाचणाऱ्याला समोरच्या माणसाची खबर लागते.

चांद्याच्या राणीकडे ग्रंथ नव्हता, काड्या नव्हत्या. तिच्याकडे जमीन होती. झरपट आणि इरई या दोन नद्यांच्या मधला तो भाग. पुराचं पाणी कुठवर चढतं, उंचवटा कुठे आहे, हे शहर वसवणाऱ्याला ठाऊक असावंच लागतं. इरईला मोठा पूर आला की आजही पठाणपुरा दरवाज्याबाहेरचा रस्ता पाण्याखाली जातो आणि दगडी तट आतल्या वस्तीला आधार देतो. सशाची वाट नेमकी अशा उपयोगाच्या जागेवरून गेली, हा योगायोग नसावा. सशाने तट आखला म्हणण्यापेक्षा तटाला साजेल असा ससा लोकांनी नंतर पळवला, हे अधिक पटतं. पण मग धोक्याची जागा त्याच कथेत कुणी आणि का ठेवली, हा प्रश्न उरतोच. स्वतःच्या राजधानीच्या जन्मकथेत तिच्या मरणाची जागा सांगणारे लोक फार नसतात.

प्रत्यक्षात धोका कुठून आला? गोंड राज्याचा शेवट बुरुजावर झाला नाही. नीलकंठशहा हा शेवटचा राजा. त्याने आपल्याच दिवाणाला, महादजी वैद्याला, ठार करवलं. दरबार आणि रयत त्याच्यावर उलटली. नागपूरकर रघूजी भोसले याच संधीची वाट पाहत होते. 1749 मध्ये त्यांनी राजाला तहात बांधलं आणि 1751 मध्ये चांदा घेतलं. लढाईपेक्षा फितुरीच जास्त कामाला आली. नीलकंठशहाची रवानगी बल्लारपूरच्या किल्ल्यात झाली, कैदी म्हणून. तट जागच्या जागी उभा होता, एक चिराही ढळला नव्हता.

तट फुटला तो 1818 साली. सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरकर अप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या कचाट्यात सापडले होते. दुसरा बाजीराव चांद्याच्या रोखाने येत होता, पण त्याला लेफ्टनंट कर्नल अ‍ॅडम्सने एप्रिलमध्ये वाटेतच मोडलं. मग अ‍ॅडम्सने मे महिन्याच्या उन्हात चांद्याला वेढा घातला, तोफांनी तटाला खिंडार पाडलं आणि 20 मे रोजी फौज आत घुसली. किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडला. हा बाहेरून आलेला धोका होता, पण तोवर आतलं गोंड राज्य जाऊन सदुसष्ट वर्षं झाली होती.

सशाची कथा कागदावर आली ती त्यानंतर अर्ध्या शतकाने. मेजर लूसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने 1869 साली चांदा जिल्ह्याच्या जमीन महसुलाच्या बंदोबस्ताचा अहवाल लिहिला. गावांची मोजणी, पिकं, सारा यांच्या सोबतीला त्याने गोंड राजांची वंशावळ आणि दंतकथा इमानाने नोंदवल्या. महसुली अहवालात ससा-कुत्र्याची गोष्ट घेणाऱ्या साहेबाचे आपण आभारच मानले पाहिजेत. त्याच्या नोंदीत राणीची हुशारी ठळक आहे. या राणीनंतर दोनशे वर्षांनी त्याच घराण्यात आलेल्या राणी हिराईचं नाव मात्र दगडांवर राहिलं. तिने नवऱ्याची, बीरशहाची, समाधी उभारली आणि महाकालीचं देऊळ बांधलं. चैत्रात तिथे मराठवाड्यातून आणि तेलंगणातून यात्रेकरू लोटतात, झरपटच्या काठी उतरतात.

तट आजही सुमारे अकरा किलोमीटरचा आहे. चार दरवाजे, जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा, आणि पाच खिडक्या, त्यांतली एक मसणखिडकी, प्रेतं बाहेर नेण्यासाठी. दरवाज्यांवर हत्तीला दाबून धरणारा सिंह कोरलेला आहे. कित्येक वर्षं बुरुजांवर झाडं-झुडपं माजली होती, कचरा साठला होता. 2017 मध्ये इको-प्रो या चंद्रपूरच्या संस्थेच्या तरुणांनी रोज सकाळी फावडी-कोयते घेऊन तट साफ करायला सुरुवात केली आणि पंतप्रधानांनी आपल्या रेडिओवरच्या भाषणात त्या कामाचा उल्लेख केला. साफ झालेल्या तटावरून आता चालता येतं. चंद्रपूरला ताडोब्याचा वाघ पाहायला येणाऱ्यांनी एक सकाळ या भिंतीला द्यावी. वळणं पाहावीत, बुरूज पाहावेत, आणि ससा कुठे गाठला गेला असेल हे ज्याचं त्याने ठरवावं.